वाट न विचारणारा तोसाकु

मुरोया तोसाकु गाडीतून उतरला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि तोयामा शहरात त्याच्या ओळखीची एकच गोष्ट त्याला भेटली: थंडी.

बाकी सगळं बदललं होतं. ट्राम पूर्वी स्टेशनासमोर वळायची, ती आता सरळ जात होती. ऑगस्टात निघताना जिथे पत्र्याच्या टपऱ्या होत्या, तिथे तीन मजल्यांचा सांगाडा उभा होता. अशा वेळी तोसाकु मान वर करून पूर्वेकडे बघायचा. तातेयामाची डोंगररांग दिसली की तोयामातल्या माणसाला आपलं तोंड कुठे आहे ते कळतं. पण नोव्हेंबर सरत आला की समुद्रावरून ढग चढतात आणि डोंगर पंधरा-पंधरा दिवस दिसत नाहीत. आजही पूर्वेला नुसता शिशाचा रंग होता. त्यात कुठेतरी गडगडलं. या दिवसांतल्या गडगडाटाने बुरी नावाचा मासा खाडीत येतो, म्हणून स्टेशनातून बाहेर पडणारी माणसं आभाळाकडे बघून खूश झाली. तोसाकुने फक्त पाठीवरचं ओझं सावरलं.

ओझं म्हणजे फोकांच्या विणलेल्या पाच पेट्या, एकावर एक रचून मोठ्या कापडात बांधलेल्या. तोसाकु औषधवाला होता, देशभर फिरणाऱ्या तोयामाच्या औषधवाल्यांतला एक. त्याचा बाप औषधवाला, आजाही औषधवाला. शिकोकू बेटाच्या डोंगरांत त्याची सहाशे चाळीस घरं होती. प्रत्येक घरात त्याची एक औषधाची पेटी. वर्षातून एकदा जायचं, पोटाच्या गोळ्या किती संपल्या, तापाच्या पुड्या किती उरल्या ते बघायचं, संपलं तेवढ्याचेच पैसे घेऊन तेवढं भरायचं, म्हातारीची कंबर विचारायची, मुलांच्या हातात कागदी फुगा द्यायचा आणि पुढच्या घराला लागायचं. धंदा असा विश्वासावर चालायचा, आणि विश्वासाचा एक नियम तोसाकुला बापाने पंधराव्या वर्षी शिकवला होता.

"वाट विचारायची नाही," बाप म्हणाला होता. "ज्या घराची वाट तुला विचारावी लागते ते घर तुझं नाही. एकाला विचारलंस की गावभर होतं, औषधवाला आपल्याला विसरला. मग तुझी गोळी कोण गिळेल?"

तेव्हापासून एकोणचाळीस वर्षांत तोसाकुने कुणालाही वाट विचारली नव्हती. धुक्यात नाही, बर्फात नाही. पूल वाहून गेला तेव्हा तो दीड दिवस नदीच्या कडेने चालला, पण समोरून येणाऱ्या लाकूडतोड्याला त्याने फक्त "थंडी आहे नाही" एवढंच म्हटलं.

शिकोकूत हे जमत होतं. पंचाईत व्हायची ती स्वतःच्या गावात. दहा वर्षांपूर्वी, युद्धाच्या शेवटी, ऑगस्टातल्या एका रात्री विमानांनी तोयामा जाळलं, ते इतकं की सकाळी गुडघ्याच्या वर काही उरलं नव्हतं. आता शहर नव्याने आखायला घेतलं होतं. वाकड्या गल्ल्या जाऊन सरळ रस्ते होत होते. ज्याची जागा रस्त्यात जाईल त्याला दुसरीकडे जागा मिळायची, आणि दहा वर्षांत ज्याने घर उभं केलं असेल त्याचं घर, पाडायला नको म्हणून, घरओढे येऊन ओंडक्यांवर चढवून नव्या जागी ओढत न्यायचे. तोसाकु दर फेरीहून परत यायचा तेव्हा आपण कुणाच्यातरी गावाला पाहुणे म्हणून आलोय असं त्याला वाटायचं.

या खेपेला तर त्याला यायचीच भीती वाटत होती.

त्याला कारण त्याचा स्वतःचा शिक्का होता. बोटाएवढा, 'मुरोया' कोरलेला, सहीच्या जागी मारायचा. त्यांचं घर नव्या रस्त्याच्या मधोमध येत होतं आणि गल्लीतल्या सगळ्यांचे संमतीच्या कागदावर शिक्के मारून झाले होते. राहिले होते मुरोया, कारण तोसाकुची बायको किसा नाही म्हणत होती. ती का नाही म्हणते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी तिला फार आग्रह करत नव्हतं. आगीच्या रात्री तोसाकु दुसऱ्या शहरात कारखान्यात सक्तीच्या कामावर होता. किसा सहा वर्षांच्या मियोला घेऊन नदीकडे पळाली. त्याआधी महिनाभर रोज तिने मुलीकडून घोकून घेतलं होतं: "हात सुटला तर घरी जायचं. दारातल्या पायरीच्या दगडावर बसायचं. मी येते." नदीकाठच्या गर्दीत हात सुटला. किसा सकाळी परत आली तेव्हा घर नव्हतं, दगड होता. ती त्यावर बसली. दहा दिवसांनी तोसाकु पोचला तेव्हाही ती तिथेच बसलेली होती. मियो मेल्यांच्या यादीत सापडली नाही आणि जगलेल्यांतही नाही. मग त्यांनी त्याच राखेवर, त्याच दगडाला दार येईल असं घर बांधलं, आणि किसा तिथून कधी दोन दिवसही हलली नाही.

ऑगस्टात निघण्याच्या आदल्या दिवशी किसा सार्वजनिक न्हाणीघरात गेली असताना तोसाकुने खणातून शिक्का काढला, कचेरीत जाऊन कागदावर मारला आणि ती यायच्या आत परत खणात ठेवला. कारकुनाने नकाशावर बोट ठेवून नवी जागा दाखवली होती. पण त्या नकाशात डोंगर नव्हता, नदीकाठचा देव नव्हता, न्हाणीघराचं धुराडं नव्हतं. नुसत्या रेघा होत्या. आणि तोसाकुचं लक्ष किसाच्या आधी घरी पोचण्याकडे होतं. घरी येऊन तो किसाला म्हणाला, "जागेचं मी परत आलो की बघू." आणि सकाळच्या गाडीने पळाला. याला दुसरा शब्द नाही.

किसा दर महिन्याला त्याच्या मुक्कामाच्या खाणावळीत पत्र पाठवायची. या खेपेला एकही आलं नाही.

*

गल्लीपाशी पोचल्यावर त्याला कळलं की गल्ली नाही. जिथे वळायचं तिथे वळण नव्हतं. तो थोडा पुढे गेला, थोडा मागे आला. न्हाणीघराचं धुराडं दिसलं तेव्हा त्याला हायसं वाटलं, कारण धुराडं ओढून नेत नाहीत. पण धुराडं उजवीकडे असायला हवं होतं आणि ते डावीकडे होतं. म्हणजे आपण पलीकडून आलो. तो वळसा घालून गेला, तर धुराडं पुन्हा डावीकडेच. आता मात्र तोसाकु थांबला. तिशीत असताना तो आठ खेड्यांची धुराडी नुसत्या धुराच्या वासावरून ओळखायचा.

"औषधवाल्या," मागून हाक आली. "तिसऱ्यांदा जातोयस माझ्या दुकानावरून."

तोफूवाल्या नात्सु मावशी दारात उभ्या होत्या. पासष्ट वर्षांच्या, हात कोपरापर्यंत लाल. त्यांचं दुकान पूर्वी न्हाणीघराच्या अलीकडे होतं. आता पलीकडे होतं, की न्हाणीघरच पलीकडे होतं, ते तोसाकुला ठरवता येईना.

"तोफू घ्यायला आलो, मावशी."

"ओझ्यासकट?"

"वाटेतच होतं."

"कुठल्या वाटेत?"

तोसाकु तोफूच्या हौदात डोकावून बघायला लागला.

"बरं, भांडं आण."

भांडं अर्थातच नव्हतं. मावशींनी स्वतःचा एक खोलगट वाडगा घेतला, त्यात पाणी ओतलं, तोफूची एक वडी सोडली आणि त्याच्या हातात दिला. "उद्या परत आण. तुझं घर या दुकानावरूनच गेलं, ठाऊक आहे ना? ऑक्टोबरात. किसाने कळवलं असेल."

"कळवलं," तोसाकु म्हणाला.

"मग बघण्यासारखं काय चुकवलंस तेही कळवलं असेल. बारा माणसं, दोर ओढायला एक मोठा रहाट, खाली गोल ओंडके. तीन दिवस लागले. आणि तुझी बायको आत."

"आत?"

"हे नाही कळवलं वाटतं. मुकादम दारात उभा, वहिनी, बाहेर या, घर हलवायचंय. ही म्हणते, तुम्ही हलवा, मी भात लावलाय. तो म्हणतो, सांडेल. ही म्हणते, सांडला तर तुमचं काम कच्चं. आता घरओढ्याला असं म्हटल्यावर तो काय करतो? त्याने वाटीभर पाणी खांबापाशी ठेवलं आणि म्हणाला, थेंब सांडला तर माझं नाव बदला. निघालं घर. वर धूर, खाली ओंडके. मी म्हटलं, ही आगबोट कुठून आली आमच्या गल्लीत? लोक जेवण टाकून बघायला आले. मी तिला खिडकीतून तोफू दिला. चालत्या घराला तोफू विकणारी तोयामात मी एकटीच असेन."

मावशी हसल्या. तोसाकुही हसला, कारण हसायला हवं होतं. "आणि ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार. सगळ्यांना एकच सांगत होती. मावशी, घर कुठे जाऊन थांबतं ते नीट बघून ठेवा. मी म्हटलं, त्यात बघायचं काय, डोळ्यादेखत चाललंय. तरी पुन्हा तेच. बघून ठेवा हं." मावशींनी गळ्यातल्या पंच्याने हात पुसले. "डोक्यावर परिणाम झालाय की काय असं वाटलं क्षणभर. पण भात चांगला झाला होता. मलाही दिला."

"बरंय मावशी, येतो."

"तिकडे कुठे निघालास?"

"जरा नदीवरून जातो," तोसाकु म्हणाला. घर कुठे जाऊन थांबलं, एवढं एकच विचारायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण एकोणचाळीस वर्षं न वापरलेलं वाक्य असं ऐनवेळी बाहेर येत नाही.

*

इताची नावाची ती नदी मात्र होती तिथेच होती. काठावरचा दगडी जिझो देवही होता, गळ्यात कुणीतरी नवं लाल वस्त्र बांधलेलं. त्या रात्री या पाण्यात किती माणसं गेली ते इथे कुणी बोलत नाही. येता-जाता देवावर पाणी घालतात. तोसाकुने वाडगा खाली ठेवला, देवाला पाणी घातलं, वाडगा उचलला आणि पाठ फिरवून पावलं मोजायला लागला. देवापासून घराच्या दगडापर्यंत दोनशे बारा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण दर खेपेला परत आला की तो आधी ही पावलं मोजायचा. सहा वर्षांच्या मुलीला किती पडली असती तेही त्याने काढलं होतं. साधारण साडेतीनशे.

एकशे सत्तरावर माती संपली आणि खडी लागली. दोनशे बाराव्या पावलाला तो रुंद, सरळ, अजून डांबर न पडलेल्या रस्त्याच्या मधोमध उभा होता. हातात तोफू होता. एक ट्रक भोंगा वाजवत त्याला वळसा घालून गेला.

"ओ काका," रस्त्याच्या कडेने खडी पसरणारा एक मजूर ओरडला. "तिथे काय रोवून घेताय का स्वतःला?"

तोसाकु खाली बघत होता. दगड नव्हता. खडीखाली असेल की फोडून खडीच केली असेल? नवीन खडी सगळी एका रंगाची होती, त्यात काही ओळखू येत नव्हतं. आपण शिक्का मारला तेव्हा दगडाचा विचारच केला नाही, हे त्याच्या आता ध्यानात आलं. त्याला वाटलं होतं, घर जाईल, किसा घराबरोबर जाईल, आणि हळूहळू ते बसणं सुटेल. तिचं भलं होईल म्हणून केलं, असं तो शिकोकूच्या प्रत्येक खिंडीत स्वतःला सांगत होता. पण तिथे उभं राहिल्यावर ते वाक्य नीट जुळेना. आणि मग ती आत का बसून राहिली? निषेध म्हणून? मग भात का वाटला? बघून ठेवा म्हणजे काय बघून ठेवा?

चार वाजत आले होते. उजेड उतरायला लागला. तोसाकुने दिशा ठरवायचा एक शेवटचा प्रयत्न केला, वारा समुद्राकडून येतो म्हणून वाऱ्याकडे तोंड केलं. वारा चारी बाजूंनी येत होता.

मग त्याला धंद्यातली युक्ती सुचली. वाट विचारायची नसते, पण घरात शिरून गप्पा मारायला कुणाची मनाई नाही. 'तोयामाचा औषधवाला आलोय' म्हणून दारात उभं राहायचं, पायरीवर टेकायचं, शेजारीपाजारी कोण नवं आलं म्हणून सहज विषय काढायचा. शिकोकूत एखादं घर जागा बदलून गेलं की तो हेच करायचा. तोयामातल्या तोयामात औषध विकायला जाणं म्हणजे नदीकाठी पाणी विकणं, हे त्याला कळत होतं. पण दमलेल्या माणसाला आपली सवयीची वाटच सरळ दिसते.

रस्त्याच्या एका अंगाला नवी रांग होती. सगळी घरं बर्फ अडवायला फळ्या आणि बांबूंच्या कुडांनी झाकलेली, त्यामुळे सगळी एकासारखी एक. त्यातल्या एका घराच्या पायथ्याशी माती ओली होती आणि आतून कोम्बू शेवाळाच्या रश्श्याचा वास येत होता. म्हणजे माणसं घरात होती. कुडाच्या फटीतून तो दारापर्यंत गेला.

"नमस्कार," त्याने सुरात हाक दिली, जशी सहाशे चाळीस घरांत देतो तशी. "तोयामाचा औषधवाला आलोय. घरची मंडळी बरी आहेत ना?"

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"तोयामात औषधवाला तोयामाचाच येणार," आतून बाईचा आवाज आला. "काय तोक्योचा यायचा होता?"

वाडग्यातलं पाणी तोसाकुच्या बाहीवर सांडलं.

दार सरकलं. किसा उभी होती. तिने त्याचं तोंड बघितलं, मग पाठीवरचं ओझं, मग हातातला वाडगा.

"औषधवाले हल्ली तोफूही ठेवायला लागले वाटतं," ती म्हणाली.

"मी..." तोसाकु म्हणाला.

"बसा. पायरीवरच बसा, पाय चिखलाचे आहेत."

तो बसला. दरवर्षी बर्फाची कुडं तो परत आल्यावर स्वतः बांधायचा; बांधून झालेलं आपलं घर बाहेरून येऊन त्याने कधी बघितलंच नव्हतं. त्यात घराचं तोंड फिरलेलं. पूर्वी दार डोंगराकडे होतं. आता कुठे होतं कोण जाणे. मग त्याने तेच विचारलं जे औषधवाला पायरीवर बसल्यावर विचारतो.

"घरात माणसं किती?"

"तीन," किसा म्हणाली. "एक मी. एक फिरतीवर असतो. एक यायची आहे."

तोसाकुने मान खाली घातली, आणि तेव्हा त्याला पायाखाली तोच दगड दिसला. एका कोपऱ्याला आगीत तडकलेला, मधे भोपळ्याच्या पानासारखा काळा डाग. तो बघतच राहिला. पाय उचलावा की ठेवावा ते कळेना.

"पोटाच्या तक्रारी?" किसाने स्वतःच विचारलं, त्याच्याच सुरात. "पोटाच्या नाहीत. डोक्याची आहे. ऑगस्टात कुणीतरी माझ्या खणातला शिक्का काढला आणि उलटा ठेवला. तेव्हापासून दुखतंय. त्यावर काही आहे का पेटीत?"

"तुला तेव्हाच कळलं?"

"शिक्का उलटा होता हे तेव्हा कळलं. का ते मुकादमाने कागद दाखवला तेव्हा."

"किसा, मी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. दोन महिने रोज म्हणाले असते. मग एक दिवस हो म्हणाले असते." तिने त्याच्या हातातून वाडगा घेतला. "ते दोन महिने माझे होते. तुम्ही ते घेऊन शिकोकूला गेलात."

तोसाकुने पाठीवरचं ओझं उतरवून खाली ठेवलं. पाच पेट्यांत मिळून त्यावर काही नव्हतं.

किसा आत जाऊन आली. येताना कोम्बू लावलेला भाताचा एक गोळा घेऊन आली आणि त्याच्या शेजारी ठेवला, माणसाच्या नव्हे, पायरीच्या पुढ्यात ठेवावा तसा. मग जरा अंतर ठेवून स्वतःही टेकली.

"घर ओढायला यायच्या आधी आठ दिवस मी दगडावर बसून विचार केला," ती म्हणाली. "मी पोरीला काय सांगितलं होतं? अमुक जागी ये असं नव्हतं सांगितलं. घरी ये, दगडावर बस. घर चाललंय तर चालू दे, घरच आहे. दगड हातगाडीवर घालून बरोबर आणता येतो. मुकादम नको म्हणाला, मी म्हटलं, दगड येत नसेल तर मीही येत नाही. राहिली काय? वाट. ती तिला कोण सांगणार?"

"म्हणून तू आत बसलीस?"

"घर रिकामं नेलं असतं तर लोकांनी एकदा बघितलं असतं आणि विसरले असते. घर चाललंय, आत बाई बसलीय, धूर निघतोय, ती खिडकीतून भात वाटतेय, हे कोण विसरेल? पुढची वीस वर्षं सांगतील. आता कुणीही विचारू दे, मुरोयांचं घर कुठे. अख्खी आळी हात करून दाखवेल."

तोसाकुला मावशींचं ते 'बघून ठेवा' आठवलं. त्याने भाताचा गोळा उचलला, पुन्हा ठेवला.

"पण ती विचारेल का?"

किसाने त्याच्याकडे वळून बघितलं. तो आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं, पण ते हसू होतं की दुसरं काही, हे तोसाकुला नीट कळलं नाही.

"ती काय औषधवाली आहे?" ती म्हणाली. "चार वर्षांची होती तेव्हाही बाजारात कुणाचंही बोट धरून विचारायची, माझी आई कुठे गेली. तिला विचारायची लाज नव्हती. ती लाज तुमच्या घराण्याची."

*

घरात सगळं जिथल्या तिथे होतं आणि काहीच जिथल्या तिथे नव्हतं. चूल, कपाट, देव्हारा, खुंटीवरचा त्याचा जुना कोट. पण खिडकीतून न्हाणीघर दिसायचं तिथे शेजाऱ्याची भिंत होती, आणि दारातून डोंगराऐवजी ट्रामची तार. खांबापाशी मुकादमाची ती पाण्याची वाटी अजून ठेवलेली होती. तोसाकु दोनदा पाणी आणायला म्हणून बाहेर गेला आणि दोनदा शेजाऱ्याच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. किसाने तोफू मात्र दोघांना सारखा वाटला.

सकाळी तिने धुतलेला वाडगा त्याच्या हातात दिला.

"मावशींना देऊन या. आणि येताना विचारत या."

"काय?"

"मुरोयांचं घर कुठे आहे. दहा जणांना विचारा. बघू दे किती जणांना ठाऊक आहे."

"मी विचारू? माझंच घर?"

"मग दुसऱ्या कुणाचं विचारणार? मी विचारून उपयोग नाही, मला सगळे ओळखतात. तुम्हाला निम्मे लोक पाहुणाच समजतात."

ती थट्टा नव्हती. तोसाकुला ते कळलं, आणि तो नाही म्हणू शकला नाही.

मावशींना विचारताना त्याने आधी हवा-पाण्याचं बोलून घेतलं, वाडगा दिला, निघाला, परत आला. "मावशी, मुरोयांचं घर कुठे हो?"

मावशींनी वाडगा फळीवर ठेवला. "असं आहे तर," त्या म्हणाल्या. "म्हणजे काल तीन फेऱ्या उगाच नव्हत्या." मग त्यांनी हात धरून दाखवलं: इथून सरळ, तिसऱ्या खांबाशी वळायचं, पाचवं दार. उद्या सगळ्या गल्लीत होणार होतं की औषधवाल्याला स्वतःचं घर सापडत नाही. बापाने सांगितलं होतं तेच. तोसाकुने मान डोलावली आणि पुढच्या माणसाकडे गेला.

दुसऱ्यांदा जीभ कमी अडखळली. ट्रामच्या थांब्यावरच्या तिकीटवालीने विचारलं, "चालत आलेलं घर ना?" सायकल दुरुस्त करणारा म्हणाला, "भाताचं घर? ते काय." खडी पसरणाऱ्या मजुराने त्याला ओळखलं आणि म्हणाला, "काका, काल रस्त्यात शोधत होतात, तेच का? ते मीच तर ओढलंय, रहाटाला होतो." एका बाईने तर त्या भाताला मीठ किती होतं तेही सांगितलं. प्रत्येकाची वाट वेगळी होती, कुणी खांब मोजत होतं, कुणी झाडं, पण सगळ्यांचा हात शेवटी एकाच बाजूला जात होता. नऊ झाले.

दहावा होता न्हाणीघराचा म्हातारा, लाकडं रचत बसलेला. त्याला डोळ्यांनी अंधुक दिसायचं आणि ऑक्टोबरात तो मुलीकडे गेला होता.

"मुरोया?" तो म्हणाला आणि क्षणाचाही विचार न करता त्याने हात केला. रुंद रस्त्याकडे, बरोबर मधोमध. "ते काय तिथे. देवापासून सरळ. आत त्यांची बाई असेल बघा, ती कुठे जात नाही."

तोसाकु बघत राहिला. त्या हाताच्या रेषेत खडीवरून एक ट्रक गेला.

"तिथे नाही आजोबा," तो म्हणाला. "हललं ते."

"हललं? मग कुठे गेलं?"

"इथून..." तोसाकुने हात उचलला. त्याला नऊ जणांच्या नऊ वाटा आठवत होत्या. धुराडं डोक्यावरच होतं, म्हणजे डाव्या-उजव्याचा हिशेब लागत नव्हता. "इथून उजवीकडे. नाही. तुमचं तोंड कुठे आहे आजोबा? तुमच्या डावीकडे."

"नक्की काय ते सांगा. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

कुणी विचारलं तर. तोसाकुने हात खाली घेतला.

"थांबा," तो म्हणाला. "मी बघून येतो. लाकडं रचून होईपर्यंत येतो."

तो धुराड्याच्या पायथ्यापासून पावलं मोजत निघाला. तोफूचं दुकान, एकशे चार. तिसरा खांब, एकशे नव्वद. मग वळण, वळणावर दोन्हीकडे बघून घेतलं, परत येणाऱ्याला कसं दिसेल म्हणून एकदा उलटं उभं राहूनही बघितलं. दगडापाशी पोचला तेव्हा दोनशे सदुसष्ट झाली होती. पूर्वेला ढग तसेच होते. दारात किसा फळ्यांचे दोर आवळत होती. त्याने दगडाला पाय लावला, दोनशे सदुसष्ट असं पुटपुटला, आणि तसाच मागे फिरला.

"अहो, कुठे निघालात?" किसाने विचारलं.

"वाट सांगायला," तोसाकु म्हणाला, आणि मोजलेलं विसरू नये म्हणून पुढे काही बोलला नाही.